कोल्हापुरात एशियन खायचं तर पाटी नाही, कढई बघायची

पुण्याहून भाची आली होती. दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मामा, इथं चांगलं एशियन कुठं मिळतं?" मी म्हटलं, "अगं, चायनीज म्हण की सरळ." तर म्हणाली, "चायनीज नव्हे. थाई, मोमो, कोरियन, असलं सगळं." मग चार दिवस आम्ही दोघं स्कूटरवरनं रोज संध्याकाळी बाहेर. पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माझ्या जिभेला त्या चार दिवसांत जे कळलं, आणि त्याआधी वीसेक वर्षं गाड्यांसमोर उभं राहून जे कळलं होतं, ते इथं क्रमानं लिहितो.

हॉटेलांची आणि गाड्यांची नावं मुद्दाम देत नाही. आपल्याकडे या खाण्याची चव मालकाकडे नसते, कूककडे असते, आणि कूक दिवाळीला गावी गेला की परत त्याच गाड्यावर येईल याची खात्री नसते. गेल्या वर्षी ज्या गाड्याची मी सगळ्या गल्लीत जाहिरात केली, तिथं यंदा भात चिकट लागला. पाटी तीच, फक्त कढईमागचा माणूस बदललेला. म्हणून यादीपेक्षा माणूस ओळखायची रीत शिकलेली बरी.

आधी ठरवा, नक्की काय खायचंय

गाड्यावर मिळतं ते चायनीज चीनमधलं नाही, हे एकदा मनाशी मान्य केलं की निम्मी निराशा संपते. कोलकात्यात टिरेटा बाजार आणि टांगरा भागात स्थायिक झालेल्या हक्का चिनी लोकांनी इथल्या जिभेसाठी जे रांधलं, त्याचा हा विस्तार. 'हक्का नूडल्स' हे नाव तिथलंच. चिकन मंच्युरियन १९७५ च्या सुमारास मुंबईत, क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी पहिल्यांदा केलं असं सांगतात: आलं, लसूण, मिरची आपली, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. मांचुरियात ही डिश शोधायला जाल तर हात हलवत परत याल. ट्रिपल शेजवान आणि चायनीज भेळ तर शंभर टक्के आपल्याच.

शेजवान हा शब्द सिचुआन प्रांतावरनं आला. तिथल्या जेवणात एक मिरं असतं, तिखट नसतं पण जीभ बधिर करतं. आपली शेजवान चटणी म्हणजे लाल मिरची आणि लसूण, त्या मिऱ्याचा पत्ता नाही. गंमत अशी, की त्याचं सख्खं चुलत भावंड आपल्या घरात आहे. माशाच्या आमटीत टाकतो ते तिरफळ! एकाच कुळातली दोन्ही झाडं. खरं सिचुआन कसं लागत असेल याचा अंदाज घ्यायचा असेल तर तिरफळाचं एक टरफल दाताखाली धरून बघा. बी नको, बी कडू.

तेव्हा पहिला निर्णय हा. गाड्यावरचं झणझणीत चायनीज खायचं, का थाई-तिबेटी-जपानी अशी त्या त्या देशाची चव शोधायची? पहिल्यासाठी कोल्हापूर हे उत्तम शहर आहे. दुसऱ्यासाठी जरा डोकं लावावं लागतं.

कुठल्या भागात काय

रंकाळ्यावर वारं खायला जायचं आणि सोबत चायनीज खायचं, या क्रमानं. चव तिथं चांगली मिळू शकते, पण जोराचा वारा सुटला की भट्टीची आच फाकते आणि भात परतण्याऐवजी नुसता गरम होतो. वारा पडलेल्या संध्याकाळी जा, नाहीतर आडोशाला लावलेला गाडा निवडा.

राजारामपुरीत कॅफे. कोरियन, रामेन, मोमो, बोबा चहा असले फलक तुम्हाला मेन रोडवर आणि आतल्या गल्ल्यांत दिसतील. इथं सजावटीचे पैसे बिलात असतात हे धरून चाला. ताराबाई पार्क, नागाळा पार्क या बाजूला बसून, सावकाश, घरच्यांना घेऊन खायची हॉटेलं. थाई करी मागवायची तर ती याच पट्ट्यात. स्टेशन आणि शाहूपुरीकडे लॉजखालची हॉटेलं, त्यांच्या मेनूकार्डात पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन सगळं एकत्र; अडीअडचणीला ठीक. अंबाबाईच्या देवळाच्या आसपास शाकाहारी बघा. खासबागेच्या खाऊगल्लीत मुळात भेळेसाठी जायचं, चायनीज हा तिथला जोडधंदा.

माझी आवड विचाराल तर उद्यमनगराच्या बाजूचे गाडे. दिवसभर फौंड्रीत नाहीतर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला भरपूर आणि गरम लागतं, आणि तो दुसऱ्यांदा फसत नाही. तसलं गिऱ्हाईक जिथं रोज येतं तिथला कूक आळशी राहूच शकत नाही. विद्यापीठ आणि सागरमाळ बाजूला पोरांच्या खिशाला परवडेल असं हाफ प्लेटचं राज्य आहे.

वेळ

गाडे साडेसहा-सातला लागतात. साडेसात ते नऊ ही सोन्याची वेळ: भट्टी तापलेली, तेल ताजं, भाज्या नुकत्या चिरलेल्या. दहानंतर तळणीचं तेल काळं पडायला लागतं, मंच्युरियन खाल्ल्यावर घशात खवखवतं ते त्यामुळं. रविवारी दुपारी मटण चापून झालेलं अर्धं शहर रात्री 'हलकं काहीतरी' म्हणून चायनीजलाच येतं, तेव्हा घाईत दहा-दहा प्लेटचा भात एकदम परतला जातो. मंगळवार किंवा शुक्रवार बरा.

श्रावणात चिकन नकोच म्हणतो मी. धर्माचा भाग बाजूला ठेवा. खप कमी झालेला असतो, त्यामुळं माल फ्रीजमध्ये किती दिवस पडून आहे ते सांगता येत नाही. त्या महिन्यात व्हेज खा, निवांत.

गाड्यासमोर पाच मिनिटं

हा या लेखाचा गाभा. गाड्यावर गेल्या गेल्या ऑर्डर देऊ नका. बाजूला उभं राहून दुसऱ्याची प्लेट कशी होते ते बघा.

आच निळी आणि आवाज करणारी पाहिजे, शेजारी उभं राहून बोलायचं तर आवाज चढवावा लागेल अशी. कढई लोखंडाची, पातळ, वापरून काळी झालेली. चांगला कूक दोन प्लेटच्या मधे कढईत पाणी मारतो, खराट्यासारख्या ब्रशनं घासतो, पाणी बाहेर झटकतो आणि रिकामी कढई परत आचेवर ठेवतो. तिच्यातनं धूर निघेपर्यंत थांबतो. मग तेल. तेल टाकल्यावर लसूण दोन सेकंदात तांबूस. लगेच कोबी, गाजर, ढोबळी, हे सगळं मिळून अर्धा मिनिट. मग भात. आणि सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरनं सोडतो, त्याचा चर्र आवाज होतो आणि जरासा जळका, धुरकट वास येतो. कँटनी लोक त्या वासाला 'वॉक हेई' म्हणतात, कढईचा श्वास. हा वास घरच्या गॅसवर येत नाही. गाड्यावर आपण पैसे मोजतो ते खरं म्हणजे याच वासाचे.

भात कशात ठेवलाय? पसरट परातीत किंवा घमेल्यात, मोकळा, स्वच्छ कापडाखाली असेल तर ठीक. उंच डब्यात दाबून भरलेला, वाफ धरलेला असेल तर तो चिकटणार. शिवाय शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात आणि नंतर कितीही परतला तरी त्यांचं विष जात नाही.

कोबीच्या कडा तपकिरी? चालते व्हा. कच्चं चिकन आणि चिरलेली भाजी एकाच पाटावर? तिथंही थांबू नका. प्लेटा विसळायची बादली एकदा बघून घ्या. गाड्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक लावलेला असेल तर मालक निदान कागदोपत्री तरी समोर उभा आहे.

लाल रंगाबद्दल दोन शब्द. मिरचीचा लाल हा विटकरीकडे झुकतो. बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो तो मिरचीचा नव्हे. सीमेपलीकडं कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली ती याच कारणानं. आपल्याला बंदीची वाट बघायची गरज नाही. ऑर्डर देतानाच म्हणायचं, "मामा, तिखट तुमच्या हातानं, पण रंग नको." खरा कूक हसतो. त्याच्याकडे ब्याडगी आणि लसूण वाटून केलेली चटणी असते, त्याला रंगाची गरजच नसते.

अजिनोमोटोचा, म्हणजे चव वाढवणाऱ्या त्या पांढऱ्या पुडीचा, बाऊ मी करत नाही. १९०८ मध्ये टोकियोतल्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातनं त्यातली चव वेगळी काढली. तोच घटक टोमॅटोत निसर्गतः असतो. चिमूटभरानं कुणाचं बिघडत नाही, पण काही गाड्यांवर चिमटीऐवजी चमचा असतो, आणि मग जेवणानंतर पाणी पिऊन पिऊन जीव जातो. नको असेल तर कढईत तेल पडायच्या आधी सांगा. बाटलीतल्या सॉसमध्ये ते आधीच असू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

पहिल्यांदा काय मागवायचं

साधा फ्राईड राईस. व्हेज किंवा अंड्याचा, हाफ प्लेट. ट्रिपल शेजवान नको, पॉट राईस नको, 'स्पेशल' तर नकोच. साध्या भातात लपायला जागा नसते. दाणा सुटा आहे का, भाजी अजून कुरकुरते का, धुरकट वास आला का, मीठ-सोयाचा तोल जमला का, सगळं चार घासांत कळतं. हा भात पास झाला तरच पुढची ऑर्डर.

मग सूप. मंचाव घ्या, पण तळलेल्या नूडल्स वेगळ्या मागा. चमचा उचलल्यावर सूप पडद्यासारखं लोंबत असेल तर कॉर्नफ्लोअर जास्त झालंय. त्यानंतर चिली चिकन ड्राय. त्यात ढोबळी मिरची आणि कांद्याच्या पाकळ्या दिसल्या पाहिजेत, नुसती भजी नव्हे.

मंच्युरियनबाबत बाहेरगावच्या पाहुण्यांचा एक घोटाळा होतो. आपल्याकडे व्हेज मंच्युरियन म्हणजे किसलेल्या कोबीचे गोळे. बेळगावकडचा माणूस 'गोबी' म्हणतो तेव्हा त्याला फ्लॉवर अपेक्षित असतो. कोबी आणि गोबी यांत एका अक्षराचा फरक, पण त्यावरनं एका पाहुण्यानं गाडेवाल्याशी घातलेला वाद मी अर्धा तास ऐकलाय. आधी विचारून घ्या.

तिखटाचं सांगायला नको. आपलं 'मीडियम' पुण्याच्या माणसाला घाम फोडतं. पाहुणा बरोबर असेल तर चटणी बाजूला द्यायला सांगा.

शाकाहारींनी एक प्रश्न नक्की विचारावा: कढई वेगळी आहे का? बहुतेक गाड्यांवर नसते. पाणी मारून धुतात आणि तीच वापरतात. चालत असेल तर प्रश्न नाही, चालत नसेल तर सरळ शुद्ध शाकाहारी ठिकाण गाठावं. थाई जेवणात अडचण आणखी वेगळी आहे, तिथं भाजीच्या करीतसुद्धा फिश सॉस किंवा सुकट वाटलेली असू शकते.

मोमो

मोमो तिबेट-नेपाळकडचा. आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं तिबेटी गाव म्हणजे हुबळीच्या पलीकडं मुंडगोड. १९६६ पासून तिथं निर्वासितांची वसाहत आहे. तिकडं कामानिमित्त गेलात तर मठाजवळच्या साध्या खानावळीत मोमो आणि थुकपा, म्हणजे नूडल्सचं सूप, खाऊन या, मग इथल्या मोमोला मापायला तुमच्याकडं पट्टी तयार होते.

इथं बघायचं ते असं. चांगल्या मोमोची पारी मधे जाड, कडेला पातळ, आणि वाफेवर जराशी पारदर्शक होते, आतलं सारण पुसट दिसतं. चुण्या हातानं घातलेल्या असल्या तर प्रत्येक मोमो थोडा वेगळा असतो. सगळे एका छापाचे दिसले की पिशवीतले गोठवलेले समजा. गोठवलेले वाईटच असं नाही, पण ते पुरते वाफवले पाहिजेत. एका कॅफेत मी चिकन मोमो तोडला तर बाहेरनं चटका आणि मधे बर्फासारखा गारठा. परत पाठवला, त्यांनी मायक्रोवेव्हमधनं काढून तोच आणून दिला, वातड झालेला. तेव्हापासून मी पहिला मोमो नेहमी मधे तोडून बघतो, तोंडात टाकत नाही.

तंदुरी मोमो, चीज मोमो, कुरकुरे मोमो यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. वाफवलेला आधी खा. सोबतच्या लाल चटणीत सुकी मिरची, टोमॅटो आणि लसूण एवढंच असतं. आपल्या जिभेला ती लगेच ओळखीची वाटते.

थाई: पांढऱ्या रश्श्याची पाहुणी

कोल्हापुरी माणसाला थाई करी परकी वाटायचं कारण नाही. नारळाचं दूध, आलं-लसणीचं वाटण, पातळ रस्सा, वर भात: पांढरा रस्सा पिणाऱ्याला यातलं काय नवं? नवं आहे ते वासाचं प्रकरण. गवती चहा, जो आपण पावसाळ्यात चहात टाकतो, तो तिथं वाटणात जातो. आल्याच्या जागी त्याचा एक भाऊबंद असतो, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात कुळिंजन म्हणून मिळतो त्याच घराण्यातला. आणि एका खरबरीत लिंबाची पानं.

हॉटेलात वेटरला एकच प्रश्न विचारा: "पेस्ट इथं वाटता का डब्यातली?" डब्यातली म्हणाला तरी हरकत नाही, डब्यातली पेस्ट बऱ्यापैकी असते, आणि खरं सांगणारं हॉटेल बाकीच्या बाबतीतही बरं निघतं. उत्तर टाळलं तर सावध व्हा. भाचीला घेऊन एका ठिकाणी ग्रीन करी मागवली तर पालक पनीरची ग्रेव्ही, त्यात नारळाचं दूध. हिरवी होती एवढं खरं. गवती चहाचा वास तर नाहीच, वर जिऱ्याची फोडणी! भाचीनं ताट सरकवलं, "मामा, हे थाई नाही, ही आजीची पातळ भाजी."

खरी ग्रीन करी पोपटी-पांढरट असते, गडद हिरवी नसते, आणि वर तेलाचे बारीक थेंब तरंगतात. आंबट, खारट, गोड, तिखट अशा चारही चवी एका चमच्यात लागल्या पाहिजेत.

कोरियन, जपानी आणि शोर्मा, थोडक्यात

कॅफेतलं 'कोरियन रामेन' बहुतेक वेळा दुकानात मिळणाऱ्या पाकिटातलं असतं, वर अर्धं अंडं आणि कांद्याची पात. जपानी रामेन ही वेगळी गोष्ट, तिचा जीव तासन्‌तास उकळलेल्या हाडांच्या सारात असतो. विचारा, "सूप तुमचं का पाकिटातलं?" पाकिटातलं असेल तर पाकीट घरी आणून उकळा, पैसे वाचतील.

सुशी खायचीच तर काकडी, अव्होकाडो किंवा शिजवलेल्या कोळंबीची. कच्चा मासा इथं मी खाणार नाही. रत्नागिरी इथनं सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, पण प्रश्न अंतराचा नाही. कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो, म्हणजे त्यातले परजीवी मरतात. ही काळजी कोण घेतं ते बाहेरनं कळत नाही. तशी हौस पुण्याला गेल्यावर भागवा, कोरेगाव पार्काकडं.

आशिया म्हटल्यावर पश्चिमेकडचा भागही आलाच, तेव्हा शोर्मा. फिरत्या सळईवरनं कापलेलं चिकन परत तव्यावर परतून देत असतील तरच घ्या. मेयोनेज उघड्या भांड्यात, गाड्यावर उन्हात ठेवलेलं असेल तर ते सोडून नुसत्या लसूण चटणीवर भागवा. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये बंदी घातली ती उगाच नाही.

आणि घरी

चार दिवसांनंतर भाचीचा आणि माझा निष्कर्ष असा, की गाड्यावरचं चायनीज बाहेर खावं आणि थाई घरी करावं. घरी कढईचा श्वास येत नाही, पण थाईला तो लागतच नाही. परसातला गवती चहा, ताजं नारळाचं दूध, हिरवी मिरची, कोथिंबिरीचे देठ, लसूण. ताडगुळाऐवजी आपला गूळ, चिमूटभर. फिश सॉस नसेल तर जवळा कोरडा भाजून, कुटून अर्धा चमचा. वास येतो म्हणून घरातले ओरडतात, पण करीत गेल्यावर गप्प होतात. भात बासमतीचा नको, त्याचा सुटा दाणा करीला धरत नाही. आजऱ्याचा घनसाळ घ्या. आखूड, मऊ, वासाचा; थाई जास्मिन तांदळाच्या जागी इतका फिट्ट बसतो की भाची जाताना दोन किलो घेऊन गेली.

आता राहिला तो हरवलेला कूक. गेल्या महिन्यात त्या जुन्या गाड्यावर मालकाला विचारलं, तर "गेला सोडून" एवढंच. गाडेवाला हे सांगत नाही, त्याला विचारून उपयोग नाही. मी शेजारच्या अंडीवाल्याला गाठलं. कूक कुठल्याही गाड्यावर जावो, अंडी आणि पात ओळखीच्याकडनंच उचलतो. अंडीवाला म्हणाला, "त्यो व्हय? त्यो आता राजारामपुरीत. नवव्या गल्लीच्या कोपऱ्यावर बघा, डोक्याला लाल रुमाल." रात्री आठला गेलो. साधा भात, हाफ, रंग नको म्हणून सांगितलं. त्यानं मान वर न करता कढईत पाणी मारलं.